तीन पीळ, टोक आत

अक्कांच्या अण्णांइतका हेकट, तिरसट आणि निव्वळ नाकाच्या भरवशावर जगणारा माणूस अख्ख्या बेंगळुरात दुसरा नाही. आणि असलाच, तर कृपा करून त्याची माझी गाठ घालून देऊ नका, मला एक पुरून उरलाय. अक्का म्हणजे माझ्या घरमालकीण. नागपूरहून नोकरीसाठी इथे आले तेव्हा शिवाजीनगरात त्यांच्या माडीवरची खोली मला मिळाली, आणि खोलीबरोबर, कुठल्याही कागदावर तसा उल्लेख नसताना, त्यांचे थोरले भाऊ, हे अण्णा, मिळाले. ह्यांचं घराणं इथे किती पिढ्यांपासून आहे ते ह्यांनाही सांगता येत नाही. घरात बोलतात मराठीच, पण तिच्यात ‘स्वल्प’ म्हणजे थोडं, ‘सरी’ म्हणजे ठीक, असले कानडी शब्द इतके मुरलेत की अण्णांना माझीच मराठी परकी वाटते. ‘तुझी भाषा स्वल्प कोरडी आहे गं,’ असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी ऐकवलं. मी जिन्यात चार पिशव्या घेऊन उभी होते. पिशवी धरायला त्यांनी हात पुढे केला नाही, नाक पुढे केलं. ‘संत्री आणलीस. तळाचं एक सडलंय.’ सडलं होतं. पण घरात पाऊल टाकायच्या आधी माणसाला हे सांगायची काही गरज असते का? मला तेव्हाच राग आला होता आणि तो आजतागायत उतरलेला नाही.

अण्णांचं गॅरेज बस स्टँडमागच्या गल्लीत, भांड्यांच्या दुकानाला लागून आहे. गॅरेज म्हणायचं म्हणून म्हणायचं. आत लॉरी मावत नाही, लॉरी गल्लीत उभी राहते आणि गल्लीतली सगळी रहदारी अण्णांच्या नावाने शंख करते. बरं, हे लॉरीचं सगळं काम करतात का? नाही. इंजिन बेडा, म्हणजे नको, ब्रेक बेडा, टायर तर बोलूच नका. ह्यांचं काम फक्त केबिनमधल्या हवेचं. जाळीतून वारं येत नाही, आत घाण वास येतो, काच धुरकटते, एवढ्याच तक्रारी घेऊन इथे यायचं. ‘इंजिन बघायला गावभर लोक आहेत,’ ते म्हणतात. ‘माणूस जिथे बसतो तिथलं कोण बघतो?’ हे वाक्य मी त्यांना न विचारता उचललं आणि आमच्या पत्रकावर मोठ्या अक्षरात छापलं. दिवसा मी बेळ्ळंदूरच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसते आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहिते. आमचा गट म्हणजे कचऱ्याच्या लॉऱ्या चालवणाऱ्यांसाठी भांडणारी सात-आठ तरुण माणसं. पत्रकं माझ्याकडे आहेत, कारण गटात माझ्याइतकं भराभर चिडता येणारं दुसरं कोणी नाही. वाक्य चोरल्याचं अण्णांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘वाक्य घेतलंस. काम पण घे की.’

त्या नाकाची बडदास्त मात्र एखाद्या गवयाच्या गळ्यासारखी. काम संपेपर्यंत कांदा नाही, लसूण नाही, सुपारी नाही. विडीवाल्याला गॅरेजच्या पायरीवर उभं राहायची मनाई. पावडर लावून आलेल्या ड्रायव्हरला ते नळावर पाठवतात. एकदा मी शाम्पू करून त्यांना अक्कांचा डबा द्यायला गेले, तर दारातच हात आडवा. ‘तिथूनच ठेव. तुझ्या डोक्यावर सफरचंद आणि कसलं तरी फूल भांडतायत. मला गाडी ऐकू येत नाही.’ मी म्हटलं, ‘अण्णा, नाकाने ऐकतात का?’ तर म्हणाले, ‘तुम्ही लोक कानाने तरी कुठे ऐकता?’ समोरच्या भजीवाल्याशी त्यांचं भांडण तर इतकं जुनं आहे की ते कधी सुरू झालं हे दोघांनाही आठवत नाही. तो बिचारा अण्णांच्या गल्लीत लॉरी उभी दिसली की कढईवर झाकण ठेवतो आणि झाकणाआडून शिव्या घालतो. अण्णा काम संपलं की स्वतः जाऊन झाकण काढतात, उभ्या उभ्या चार मिरची भजी खातात आणि ‘तेल बदल’ असं सांगून येतात.

कामाची पद्धतही अशी की बघणाऱ्याचं डोकं फिरावं. लॉरी आली की आधी भिंतीवरच्या कॅलेंडरचं कालचं पान फाडायचं. आजचं चालत नाही, आज अजून वापरात आहे म्हणे. ते पान बोटांच्या चिमटीत धरून हवेच्या जाळीसमोर न्यायचं आणि ब्लोअर चालू करायला सांगायचं. पान फडफडलं तर वारं ठीक, नुसतं थरथरलं तर फिल्टर तुंबलाय, आणि लोंबकळत राहिलं तर अण्णांचा चेहराही तसाच लोंबतो. मग काचा बंद करून, डोळे मिटून ते आत बसतात. कोणी खोकायचं नाही. मग निकाल. ‘ओल्या मोज्याचा वास. पाणी जायची नळी तुंबली.’ ‘गोड वास. रेडिएटरचं पाणी आत झिरपतंय, आजच सोडव.’ ‘उंदीर.’ एका ड्रायव्हरने शपथेवर सांगितलं की उंदीर-बिंदीर काही नाही, काल अख्खी केबिन धुतलीय. अण्णांनी बाहेरून, काचेच्या खालच्या जाळीत हात घातला. आधी गुलमोहराची वाळकी पानं निघाली, ओंजळ ओंजळ, इतकी की भांडीवाल्याने त्याचं टोपलं आणून दिलं; पानांच्या तळाशी उंदीर निघाला. अण्णांनी तो ड्रायव्हरपुढे धरला. ‘ह्याला पण धुतलास?’

आणि गाठ. अण्णांच्या कामावर अण्णांची गाठ असते. नळी असो, जाळी असो, निसटणारं काही असो, ते ते तांब्याच्या तारेने बांधतात. बरोबर तीन पीळ, आणि मग तारेचं टोक पकडीने आत वळवून दाबलेलं. दुसरे मेकॅनिक टोक तसंच सोडतात. मी विचारलं, हा टोकाचा सोस कशाला, दिसतं कोणाला? त्यांनी मला त्यांची बोटं दाखवली. प्रत्येकावर पांढऱ्या रेघा. ‘तिथे उद्या कोणीतरी न बघता हात घालणार. त्याचं बोट कापता नये.’ असा हा माणूस. म्हणजे बघा, ज्याच्यावर धड रागावताही येत नाही त्याच्यावरच जास्त राग येतो.

आता व्यंकटेशबद्दल लिहायला हवं, आणि ते शांतपणे लिहिता येणार नाही. व्यंकटेश कचऱ्याची लॉरी चालवतो. कचरा आत दाबत जाणारी ती मोठी लॉरी, सर्जापूर रोडच्या सोसायट्यांच्या गेटसमोर उभी असते ती. दाबणारं यंत्र इंजिनावर चालतं, म्हणून गाडी उभी असली तरी इंजिन चालूच. एकेका गेटवर वीस-पंचवीस मिनिटं. वरच्या मजल्यांवरून फोन येतात, लॉरी हलवा, वास येतो. आम्ही विचारतो, वास कोणाचा? काल रात्री ह्यांच्याच ताटात होतं ते. ह्यांच्या दिवाणखान्यात हवा स्वच्छ करायचं यंत्र घुमतंय, त्यावर हिरवा दिवा लागतोय, आणि त्यांचा कचरा पाठीशी घेऊन जो माणूस चार तास डब्यात बसलाय त्याच्या डब्यात वारं येतं का, हे विचारायला एकालाही फोन उचलावासा वाटत नाही! व्यंकटेशच्या बाजूची काच चार बोटांच्या खाली उतरत नव्हती. गिअरच्या दांड्याखालचं रबर फाटलं होतं. दोन्हीची तक्रार त्याने कंत्राटदाराच्या सुपरवायझरकडे तोंडी केली, मग लिहून दिली, मग पुन्हा तोंडी केली. झालं काहीच नाही. मग त्याचं डोकं दुखायला लागलं. मग उलट्या. आणि एके दिवशी बेळ्ळंदूरला एका सोसायटीच्या गेटवरून निघताना त्याला भोवळ आली आणि लॉरी गेटच्या खांबावर गेली. माणसं वाचली. खांब वाकला. सुपरवायझरने रजिस्टरमध्ये लिहिलं, ड्रायव्हर दारू पिऊन होता.

व्यंकटेश पीत नाही. त्याचा बाप पिऊन मेला, म्हणून तो लग्नाच्या पंगतीतही पिणाऱ्यांच्या ओळीत बसत नाही. ‘अक्का, नोकरी गेली तर दुसरी बघेन,’ तो मला म्हणाला. मला तो अक्का म्हणतो, खरं तर मी त्याच्यापेक्षा लहान आहे. ‘पण हे लिहिलेलं घेऊन मी कुठे जाऊ? माझी आई वाचेल.’ सोमवारी त्याला काढणार होते. त्याने हे सांगितलं त्याच दिवशी मी पत्रक लिहिलं. ‘कंत्राटदाराने ड्रायव्हरांची हवा बंद केली!’ खाली तीन मागण्या, त्याखाली उद्गारचिन्हांची रांग. मैत्रिणीने कानडी केलं, शनिवारी सकाळी लॉऱ्यांच्या यार्डाच्या गेटवर वाटलं, भिंतीवर चिकटवलं, आणि एक प्रत मोठ्या दिमाखात अण्णांपुढे ठेवली.

त्यांनी ती वाचली. मग नाकाशी नेली. ‘शाईचाच वास येतोय. लॉरीचा येत नाही. तू लॉरीत बसलीस?’

‘नाही.’

‘मग हवा कोणी बंद केली, कशी बंद केली, हे तुला कोण बोललं?’

‘अण्णा, हे उघड आहे! असले कंत्राटदार सगळीकडे—’

‘सगळीकडचं मला नको. ह्या लॉरीचं बोल.’ आणि त्यांनी पत्रकाची घडी करून ती हलणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सरकवली. माझं पत्रक! मी तिथल्या तिथे रडणार होते, पण त्यांनी पिशवी खांद्याला लावली होती. ‘चल. दाखव.’

दुपारची वेळ होती. मी कॅब बोलावली. दार उघडताच अण्णा मागे सरले, आत लव्हेंडरची बाटली टांगलेली होती. ‘ह्यात काहीतरी मेलंय, म्हणून हा अत्तर लावतो.’ ड्रायव्हरने रद्द करून टाकलं. दुसऱ्या कॅबमध्ये लिंबू होतं. शेवटी आम्ही बसने गेलो, दोन बस बदलून, दीड तास, आणि दीड तास अण्णांनी मला प्रत्येक थांब्याचा वास सांगितला. मग बेळ्ळंदूर आलं. तलावाकडून येणारा तो जड, साबणासारखा वास मलाही येत होता. ‘स्वल्प कमी झालाय,’ एवढंच म्हणाले. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

यार्डात दहा-बारा ड्रायव्हर होते, व्यंकटेश होता, आणि पत्रक हातात घेऊन सुपरवायझर होता. इस्त्रीचा शर्ट, ताज्या दाढीचा घमघमाट. ‘आलात? या, बघा, आम्ही हवा कशी बंद केलीय ते बघा,’ तो कानडीत म्हणाला आणि हसला. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. केबिनमध्ये चढले, कालचं पान काढलं, जाळीसमोर धरलं. ब्लोअर घरघरत होता आणि पान मेल्यासारखं लोंबत होतं. डॅशबोर्डखालच्या, आतली हवा ओढणाऱ्या तोंडावर एक प्लास्टिकची पिशवी चिकटून बसली होती. ती काढली, पान थोडं हललं. मग काचा वर, डोळे बंद. व्यंकटेश पायरीवर उभा होता आणि परीक्षेचा निकाल लागावा तसा अण्णांच्या नाकाकडे बघत होता. ‘तीन वास आहेत,’ अण्णा दार उघडून म्हणाले. ‘कचरा, तो तर असणारच. ओल, ती नळीची. आणि धूर. यंत्र चालू कर.’ व्यंकटेशने कचरा दाबायचं यंत्र चालू केलं. अण्णांनी पिशवीतून उदबत्ती काढली, पेटवली आणि गिअरच्या दांड्याजवळ नेली. बाहेर वारा नव्हता. तरी उदबत्तीचा धूर तिथून वर उसळला आणि सरळ व्यंकटेश बसतो त्या जागेकडे वाकला. फाटक्या रबरातून खालचं येत होतं. मी ओरडलेच, ‘बघा! बघा सगळ्यांनी!’

‘सुम्ने, गप्प राहा गं,’ अण्णा म्हणाले. ‘रबर फाटलं तरी इतकं येता नये. बाहेरची हवा आत येत असेल तर ती ह्याला रेटते. ती का येत नाही?’ बाहेरची हवा आत घेणारी एक झडप असते, डॅशबोर्डच्या मागे. ड्रायव्हरसमोरच्या खटक्याने ती उघडायची, मिटायची. व्यंकटेशने खटका इकडून तिकडे करून दाखवला. ‘हा पहिल्यापासून चालत नाही अण्णा. सगळ्याच गाड्यांत तसा आहे.’ अण्णांनी डॅशबोर्डच्या मागे हात घातला. कोपरापर्यंत गेला. आणि तिथेच राहिला. मी वाट पाहिली. इतका वेळ त्यांचा हात कुठे राहत नाही. ‘काय आहे?’ मी विचारलं. मी फोनचा टॉर्च लावला आणि वाकून आत पाहिलं. झडप मिटलेली होती, आणि तांब्याच्या तारेने बांधलेली होती. तीन पीळ. टोक आत.

मग ते सगळं हळूहळू आठवून बोलले, सीटवर बसून, माझ्याशी नाही, खटक्याशी. काही वर्षांपूर्वी, तलावावर फेस चढायचा आणि रस्त्यावर उडायचा तेव्हाची गोष्ट. कचऱ्याच्या लॉऱ्यांचे ड्रायव्हर एकामागून एक त्यांच्याकडे आले होते. बाहेरचा वास आत येतो, जेवण जात नाही, काहीतरी करा अण्णा. खटका सैल होता, झडप आपोआप उघडायची. अण्णांनी झडपा बांधून दिल्या. ‘मी बोललो होतो त्यांना. पाऊस लागेपर्यंत हं. पाऊस लागला की या, सोडून देतो.’ पाऊस लागला. कोणी आलं नाही. ड्रायव्हर बदलले, नव्यांना वाटलं खटका मुळातच मेलाय. आणि ज्याने टोक आत वळवलं होतं, त्या माणसाने एकदाही जाऊन विचारलं नव्हतं.

आता इथे मी जे केलं ते लिहिते, कारण अण्णांनी मला ते गाळू दिलेलं नाही. मी आत चढून दार ओढून घेतलं आणि हळूच म्हटलं, ‘अण्णा, पक्कड द्या. तार कापते, खिशात टाकते. कोणाला कळणार नाही. रबर त्यांनीच बदललं नाही, काच त्यांनीच दुरुस्त केली नाही. दोष त्यांचाच आहे. पत्रक खोटं ठरलं तर सोमवारी व्यंकटेश जाईल!’

मी अण्णांना चिडलेलं रोज पाहते, पण ती चीड म्हणजे गंमत होती हे मला त्या क्षणी कळलं. ‘पत्रकवाली,’ ते म्हणाले. ‘त्याने रजिस्टरात न बघता लिहिलं. तू पत्रकात न बघता लिहिलंस. आता बघितलंस, तर लपवतेस?’ आणि मला ओलांडून खाली उतरून ते सगळ्यांसमोर जाऊन उभे राहिले. ‘हवेची झडप बांधली आहे. मी बांधली. तुमच्या सगळ्यांच्या गाड्यांत असेल.’

सुपरवायझर इतका खूश झाला की त्याला पत्रक फडकवू की टाळी वाजवू ते सुचेना. ‘ऐकलंत? अज्जाच सांगतोय! आमचा काय संबंध? आणि झडप बांधल्याने कोणी पडतो का? तो प्यायलाच होता!’

‘सरी,’ अण्णा म्हणाले. ‘मग बस.’

‘कुठे?’

‘त्याच्या जागेवर. काच तेवढीच उघडी, चार बोटं. यंत्र चालू. तार मी अजून कापली नाही.’ बारा ड्रायव्हरांसमोर नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. तो ऐटीत चढला. अण्णा खाली उभे राहून कालच्या पानाने स्वतःला वारा घालत होते. पहिली दोन मिनिटं तो काचेतून हसत होता. मग हसणं थांबलं. मग त्याने रुमाल काढला. मग चार बोटांच्या फटीला नाक लावलं, आणि ते दृश्य मी माझ्या हयातीत विसरणार नाही, इस्त्रीच्या शर्टाचा तो माणूस फटीला नाक लावून बेळ्ळंदूर तलावाची हवा ओढत होता, अमृत असल्यासारखी. सहाव्या मिनिटाला दार उघडलं. उतरताना त्याचा पाय पायरीवरून सटकला आणि व्यंकटेशनेच त्याला धरलं. अण्णा जवळ गेले, त्याच्या तोंडापाशी नाक नेलं, दोनदा वास घेतला आणि सगळ्या यार्डाला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘डोळे लाल. पाय लटपट. काय साहेब, दुपारीच घेतली?’

ड्रायव्हर इतके हसले की एकाने टायरवर डोकं टेकलं. व्यंकटेश हसला नाही. त्याने आत जाऊन रजिस्टर आणलं, उघडलं, आणि ते पान सुपरवायझरपुढे धरून उभा राहिला. सुपरवायझरने घाम पुसला, खिशातलं पेन काढलं आणि ती ओळ खोडली. ‘ड्रायव्हरची चूक नाही’ असंही लिहायला लावलं, अर्थात अण्णांनी. आणि लिहून झाल्यावर वाचून दाखवायला लावलं. सोमवारी व्यंकटेश कामावर होता. काच आता पूर्ण उतरते. रबर नवं आहे.

त्या संध्याकाळी अक्कांच्या स्वयंपाकघरात बसून अण्णांनी मला दुसरं पत्रक सांगितलं. ‘लिही. ह्या लॉऱ्यांची झडप मी बांधली. सोडायला गेलो नाही. चूक माझी. फाटलेलं रबर कंत्राटदाराने बदललं नाही. चूक त्याची. न बघता पत्रक लिहिलं, चूक हिची. व्यंकटेश प्यायला नव्हता.’ मी विचारलं, कंत्राटदाराच्या चुकीआधी ‘अक्षम्य’ घालू का? अण्णांनी नाक मुरडलं. ‘त्या शब्दाला बंद डब्याचा वास येतो.’ मागून अक्का म्हणाल्या, ‘घालू दे की रे तिला एक,’ पण नाहीच घालू दिला. उद्गारचिन्हसुद्धा नाही. आमच्या गटाचं एवढं रुक्ष पत्रक कधी निघालं नव्हतं, आणि यार्डात लोकांनी घडी करून खिशात ठेवलेलं तेवढंच एक.

त्याचं पुढे काय व्हायचं ते झालं. कंत्राटदाराच्या माणसांनी पहिलं वाक्य तेवढं उचललं आणि गावभर केलं, शिवाजीनगरचा म्हातारा ड्रायव्हरांची हवा बंद करतो. ज्यांनी तीन-तीनदा दिलेली तक्रार वाचली नाही त्यांना हे एक वाक्य बरोबर वाचता आलं! अण्णांच्या गल्लीत आता क्वचित लॉरी उभी राहते. रहदारी सुरळीत आहे. भजीवाला दिवसभर झाकण न ठेवता तळतो आणि त्यालाच चैन पडत नाही. परवा मला थांबवून विचारत होता, ‘तुमच्या अण्णांचं नाक बरं आहे ना?’ मी ह्यावर चिडून एक पत्रक लिहायला घेतलं होतं. अण्णा म्हणाले, राहू दे, त्यात खोटं काय आहे.

ते रोज पिशवी घेऊन बाहेर पडतात. यार्डातल्या सगळ्या गाठी त्यांनी पहिल्या आठवड्यातच कापल्या. कापलेल्या तारा एका बिस्किटाच्या डब्यात ठेवल्यात. पण काही लॉऱ्या मधल्या काळात विकल्या गेल्या होत्या; कोणी म्हणतं होसूरला, कोणी म्हणतं कोलारकडे, रंग बदलून, वाळू नाहीतर भाजी वाहतात. अण्णांना प्रत्येक गाठ आठवते, आणि त्यांच्या हिशेबाने सात अजून बाहेर आहेत. ते स्टँडजवळच्या सिग्नलला उभे राहतात, लाल दिवा लागला की लॉरीच्या खिडकीशी जाऊन कालचं पान वर धरतात आणि विचारतात, ‘अप्पा, खटका चालतो का तुझा?’ बहुतेक जण त्यांना काहीतरी विकणारा समजून हात हलवतात. अक्का म्हणतात, ऊन लागेल रे. ते ऐकत नाहीत. कधीच कोणाचं ऐकलेलं नाही त्यांनी, मला राग येतो तो ह्याचाच.

आता माझ्याही बॅगेत कॅलेंडरचं कालचं पान असतं, पक्कड असते. ऑफिसला जाताना बेळ्ळंदूरच्या सिग्नलला बस अडली आणि शेजारी जुनी लॉरी दिसली की मी उतरते. ऑफिसला उशीर होतो, ड्रायव्हर शिव्या घालतात, एक-दोघे डॅशबोर्डमागे हात घालू देतात. परवा एका भाजीच्या लॉरीत माझ्या बोटांना तार लागली. बोटं फिरवून मोजले, तीन पीळ. न बघता चाचपत होते, पण बोट कापलं नाही. मी ती कापली, ब्लोअर लावायला सांगितलं आणि पान धरलं. पान फडफडलं. मी तिथूनच अण्णांना फोन केला आणि काही न बोलता फोन त्या जाळीसमोर धरला. थोड्या वेळाने पलीकडून नाकाने घेतलेला एक लांब श्वास ऐकू आला. ‘सरी,’ ते म्हणाले. ‘सहा.’